डब्यावरचे वॅट आणि पानावरचा उजेड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खिडकीपासून लांब, नुसत्या एलईडी लाइटखाली रोपं वाढवायचा विषय काढला होता आणि शेवटी सहज लिहिलं होतं की लाइट मात्र जरा बघून घ्या. ते 'जरा बघून' कुणालाच पुरलं नाही असं दिसतंय. नक्की काय बघायचं हेच बहुतेकांनी विचारलंय, एकीने तर 'तुम्ही नुसतं पिल्लू सोडून दिलंत' असंही ऐकवलंय आणि ते बरोबर आहे. तर आज फक्त लाइट. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझ्या रॅकचा एक कप्पा आहे साधारण २ फूट बाय २ फूट, त्यात लेट्यूस, बेसिल, पुदिना लावायचाय. ऑनलाइन बघितलं तर एका लाइटवर '१००० वॅट' आणि दुसऱ्यावर '५० वॅट', आणि गंमत म्हणजे १००० वाला आकाराने लहान आणि वर स्वस्तही. काहीतरी गडबड आहे एवढं कळतंय, काय ते कळत नाहीये. – रॅकवाली

उत्तर : गडबड आहेच, आणि त्यात मीही फसलेय म्हणून आधी माझंच सांगते. पहिला लाइट घेतला तेव्हा मलाही त्या १००० ने भुरळ घातली होती, घरी आणला, प्लगला लावायचं वीज मोजायचं छोटं मीटर येतं ना त्याच्यात घातला तर आकडा आला १०८. मला वाटलं मीटरच बिघडलंय, म्हणून इस्त्री लावून बघितली, मीटर ठणठणीत होतं. हा १००० येतो कुठून तर दोन वाटांनी. एक म्हणजे आत जेवढ्या एलईडी आहेत त्या प्रत्येकीला कागदावर १० वॅटची धरायचं, शंभर असल्या की झाले हजार, प्रत्यक्षात त्या १ वॅटवरच चालवलेल्या का असेनात. दुसरी वाट 'इक्विव्हॅलंट' या शब्दाची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या १००० वॅटच्या दिव्याइतका उजेड आम्ही देतो असा दावा, तो कुणी मोजलेला असतोच असं नाही. तेव्हा डब्याचा पुढचा भाग बघूच नका, मागे बारीक अक्षरात 'ॲक्च्युअल पॉवर' किंवा 'पॉवर ड्रॉ' लिहिलेलं असतं ते शोधा, ते नसेल तर तो लाइट तिथेच ठेवून द्या.

आता खरे वॅट कळले तरी काम अर्धंच झालं. वॅट म्हणजे लाइट वीज किती खातो एवढंच, गाय चारा किती खाते यावरून दूध किती देते ते कळत नाही तसं. आणि ल्युमेन हा आकडा माणसाच्या डोळ्यासाठी बनवलाय, आपल्या डोळ्याला हिरवट पिवळा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो म्हणून ल्युमेनमध्ये त्यालाच जास्त मार्क, लाल आणि निळ्याला कमी. झाडाचा डोळा वेगळा. झाडासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या (उजेडाचा रंग ज्या आकड्याने सांगतात तो, निळा ४५० च्या आसपास, लाल ६६०) मधला उजेड मोजतात, त्याला पार म्हणतात, आणि त्यातले फोटॉन म्हणजे उजेडाचे कण मोजायचं माप म्हणजे मायक्रोमोल. घाबरू नका, तीनच आकडे आहेत. लाइटमधून दर सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल बाहेर पडतात तो पीपीएफ. त्यातले पानावर, दर चौरस मीटरला दर सेकंदाला, किती पोचतात तो पीपीएफडी. आणि दिवसभरात सगळे मिळून किती झाले तो डीएलआय, हा मोलमध्ये मोजतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). पावसासारखं धरा, सर किती जोराची आहे तो पीपीएफडी आणि संध्याकाळपर्यंत किती मिलिमीटर पडला तो डीएलआय.

लेट्यूस, बेसिलसारख्या पानांच्या रोपांना दिवसाला १२ ते १७ मोल मिळाले की ती खूश असतात. आपण १४ धरू. लाइट १६ तास चालवणार असाल तर त्यासाठी पानावर साधारण २५० पीपीएफडी हवा (२५० गुणिले १६ तास गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे १४.४ मोल, करून बघा). तुमचा कप्पा २ बाय २ फूट म्हणजे अंदाजे ०.३६ चौरस मीटर, म्हणून २५० गुणिले ०.३६, झाले ९० मायक्रोमोल. पण सगळा उजेड पानावर पडत नाही, कडेने सांडतो, भिंतीत मुरतो, त्यासाठी चौथा हिस्सा गेला असं धरा आणि लाइटकडून १२० मागा. आता शेवटचा आकडा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा, एका ज्यूल विजेत (एक वॅट एक सेकंद चालला की एक ज्यूल) किती मायक्रोमोल निघतात, याला एफिकसी म्हणतात. चांगल्या बोर्डाची, म्हणजे एलईडी पसरून बसवलेल्या सपाट पाटीची, २.५ किंवा वर, उत्तम असेल तर ३ च्या आसपास, आणि भंगार लाइटची १ ते १.५. म्हणजे २.५ वाला असेल तर १२० भागिले २.५, ४८ वॅटमध्ये तुमचं काम झालं. १.२ वाला असेल तर त्याच उजेडाला १०० वॅट लागणार. रोज १६ तासांनी महिन्याचे युनिट काढा, पहिल्याचे २३, दुसऱ्याचे ४८, उजेड तेवढाच. तुमचा तो ५० वॅटवाला जर खरंच ५० खात असेल आणि त्याच्या माहितीत २.५ लिहिलेलं असेल तर तो तुमच्या कप्प्याला बरोब्बर आहे, आणि '१०००' वाला आतून १०० चा निघायची शक्यताच जास्त.

आणखी एक बघायचं ते आकार. गोल बल्बासारखा एकाच ठिकाणाहून उजेड टाकणारा लाइट घेतलात तर मधलं रोप भाजून निघेल आणि चार कोपऱ्यातली उपाशी राहतील. २ बाय २ ला सपाट बोर्ड, नाहीतर तीन चार पट्ट्या पसरून लावलेल्या, हेच बरं. बऱ्या कंपन्या पीपीएफडीचा नकाशा देतात, चौकोनात आकडे भरलेले असतात, त्यातला मधला आकडा मोठा दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका, कोपऱ्याचे आकडे बघा आणि तो नकाशा किती उंचीवर काढलाय तेही बघा, कारण लाइट खाली आणला की मधला आकडा वाट्टेल तेवढा फुगवता येतो.

प्रश्न : जांभळा (नुसत्या लाल आणि निळ्या एलईडींचा) लाइट घेऊ की पांढरा? एक म्हणतो झाडाला फक्त लाल आणि निळा लागतो, हिरवा परत फेकला जातो म्हणून तर पानं हिरवी दिसतात. मला हे पटतंय पण मग लोक पांढरा का घेतात? – गोंधळलेला

उत्तर : पटण्यासारखंच आहे ते, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. शाळेच्या पुस्तकात हरितद्रव्याचा आलेख असतो बघा, निळ्यात एक शिखर, लालमध्ये एक शिखर आणि मध्ये हिरव्यात दरी. तो आलेख खरा आहे, फक्त तो पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा आहे, जिवंत पानाचा नाही. पानात उजेड एकदा शिरला की पेशीपेशींवर आपटत फिरतो आणि हिरव्यातलाही बराचसा पकडला जातो, परत येतो तो थोडाच, आपल्या डोळ्याला तेवढा पुरतो हिरवं दिसायला. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं की ४०० ते ७०० मधला सगळाच उजेड पान वापरतं, लाल जास्त चांगला, हिरवा थोडा कमी, पण फुकट काहीच जात नाही. उलट लाल आणि निळा वरच्या थरातच संपतात, हिरवा पानात खोलवर जातो आणि खालच्या पानांपर्यंतही पोचतो.

मग जांभळे आले कुठून? सुरुवातीच्या काळात पांढऱ्या एलईडी महाग आणि कमजोर होत्या, पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी आणि तिच्यावर निळ्यातून बाकीचे रंग काढणाऱ्या फॉस्फर नावाच्या पुडीचा थर, आणि ती निळीच जमायला किती वर्षं गेली, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं यावरून कल्पना करा. तेव्हा थोड्या विजेत जास्तीत जास्त काम करून घ्यायचं तर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ४५० चा निळा एवढंच घेणं शहाणपणाचं होतं. आता पांढऱ्या एलईडी इतक्या सुधारल्यात की ते कारण उरलेलं नाही. नासाने २०१४ मध्ये अंतराळ स्थानकावर व्हेजी नावाची छोटी बाग पाठवली, तिच्यात लाल, निळ्याबरोबर हिरव्या एलईडीही घातल्या, त्यातलं एक कारण असं की अंतराळवीरांना पानं नेहमीसारखी दिसावीत, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिथलं लाल लेट्यूस खाल्लंसुद्धा.

मी पांढराच घ्या म्हणते त्याचं मुख्य कारण याहून साधं आहे. जांभळ्याखाली तुम्हाला काही दिसतच नाही. पान पिवळं पडलंय, मावा लागलाय, बुरशी आलीय, सगळं काळपट जांभळंच, रोप मरायला टेकलं की कळतं. ३००० ते ४००० केल्विनचा (पांढरा पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा, मोठा म्हणजे निळसर) पांढरा आणि त्यात थोड्या ६६० च्या लाल एलईडी पेरलेल्या असा बोर्ड घ्या. ६५०० केल्विनचा निळसर पांढराही चालतो, त्यात रोपं जरा बुटकी, घट्ट राहतात. आणि 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दाला भुलू नका, त्याची पक्की व्याख्याच नाही, जांभळ्या लाइटवरही मी तो छापलेला बघितलाय.

प्रश्न : वेगळा ग्रो लाइट कशाला, घरातले साधे एलईडी बल्ब चालणार नाहीत का? मला फक्त मायक्रोग्रीन्सचे, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायच्या रोपांचे, दोन ट्रे वाढवायचेत. – काटकसरी

उत्तर : चालतील की! मायक्रोग्रीन्सना १०० ते २०० पीपीएफडी पुरतो आणि साध्या पांढऱ्या एलईडीच्या १००० ल्युमेनमागे साधारण १४ मायक्रोमोल निघतात. बल्बपेक्षा ट्यूब घ्या, ती ट्रेच्या लांबीला बसते आणि उजेड सारखा पसरतो, बल्ब निम्मा उजेड इकडेतिकडे उधळतो. दोन ट्रे शेजारी शेजारी म्हणजे पाव चौरस मीटरच्या आसपास, त्यावर २० वॅटच्या दोन ट्यूब, पानांपासून वीतभर उंचीवर, झालं काम. ट्यूबच्या वर पांढरा पुठ्ठा ठेवा म्हणजे वर जाणारा उजेड खाली येईल. टोमॅटो, मिरचीला मात्र हे जमवायला जाऊ नका, ट्यूबांचं जंगल होईल आणि फळ दोनच लागतील.

प्रश्न : माझी रोपं उगवली छान पण मग सुसाट उंच झाली, दांडा दोऱ्यासारखा, आणि एके दिवशी सगळी आडवी. लाइट तर चांगला झगझगीत आहे, मला त्याच्याकडे बघवत नाही एवढा. – काडीपैलवानांची आई

उत्तर : सही आवडली! तुमचे काडीपैलवान उजेड शोधायलाच धावत होते. डोळ्यावर जाऊ नका हो, डोळा फार लबाड आहे, अंधारात मोठा होतो, उजेडात बारीक होतो आणि आपल्याला सगळं ठीक दिसतं. ज्या खोलीत आपण आरामात वाचतो तिथे ३०० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन) असतात, झाडाच्या भाषेत जेमतेम ४ किंवा ५ पीपीएफडी, आणि बाहेर भर दुपारच्या उन्हात २००० च्या जवळ. तुमच्या रोपांना १०० ते २०० हवा होता. लाइट झगझगीत असेलही पण तो टांगलाय किती उंच ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला वाटतंय तिथेच पाणी मुरतंय. छोटा, एका ठिकाणचा लाइट असेल तर अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, अर्धा नाही. कप्प्याएवढाच रुंद बोर्ड असेल आणि बाजूला पांढऱ्या भिंती असतील तर एवढा पडत नाही पण पडतो. बाजू पांढऱ्या करायच्या तर साधा पांढरा मॅट रंग उत्तम, चुरगळलेली चंदेरी फॉइल लावली की उजेडाचे ठिपके ठिपके पडतात, शिवाय ती विजेच्या वायरीजवळ नकोच.

आणि बी रुजल्यावर झाकून किती दिवस ठेवलंत? कोंब वर आला की त्याच दिवशी लाइटखाली, एक दिवसाचा आळसही महागात पडतो, त्यात खोली गरम असेल तर विचारूच नका. आडवी पडलेली टोमॅटोची असतील तर दांडा खोल पुरून लावा, त्याला तिथून मुळं फुटतात. लेट्यूस असेल तर सोडून द्या, परत पेरा.

प्रश्न : मोबाइलच्या लक्स मीटर ॲपवर भरवसा ठेवावा का? खरं पार मीटर परवडण्यासारखं नाही. – मोजूनमापून वागणारा

उत्तर : पूर्ण नको, पण अगदीच टाकाऊही नाही. पांढऱ्या एलईडीखाली लक्सचा आकडा ६५ ते ७० ने भागा, साधारण पीपीएफडी मिळतो. म्हणजे लेट्यूसचे २५० हवेत तर मीटरवर १७ हजार लक्सच्या आसपास दिसायला हवं. उन्हासाठी ५४ ने भागतात, जांभळ्यासाठी कशानेच भागू नका, तिथे लक्स मीटर आंधळं होतं. मोबाइलचा सेन्सर फोनफोनागणिक वेगळं सांगतो, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तुलना करायला वापरा. कप्प्यात नऊ ठिकाणी ठेवून बघा, मध्ये १८ हजार आणि कोपऱ्यात ७ हजार येत असतील तर फोन कितीही खोटं बोलत असला तरी कोपरा उपाशी आहे हे खरंच. साधं वेगळं लक्स मीटर मिळालं तर याहून बरं. फोन पानाच्या उंचीवर, तोंड वर करून धरायचा, टेबलावर ठेवून नाही.

प्रश्न : वरची पानं फिकट, जवळजवळ पांढरी पडलीत. खत कमी पडलं म्हणून दुप्पट दिलं तर आणखी बिघडलं. बोर्ड नवा आणि चांगला घेतलाय, १२० वॅटचा, २ बाय २ मध्ये, फुल वर, पानांपासून १५ सेंटिमीटरवर. – हात टेकले

उत्तर : अहो लेट्यूसवर १२० वॅट फुल आणि तेही १५ सेंटिमीटरवरून! तुम्ही त्याला जेवायला वाढलं नाहीत, कोंबलंत. खताची कमतरता आणि लाइटचा मार ओळखायची खूण सांगते. नायट्रोजन कमी पडला की पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होतो, कारण झाड जुन्यातून काढून नव्याला देतं. लाइट जास्त झाला की उलटं, लाइटच्या सगळ्यात जवळचं पान आधी फिकट होतं आणि बोर्डाच्या बरोबर मधोमध खाली जास्त, कडेची रोपं हिरवीगार. कधी कधी पानाच्या कडा वर वळतात, होडीसारख्या. लोह कमी पडलं तरी नवी पानं फिकी पडतात, पण त्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधलं रोप, कडेचं रोप असा भेद होत नाही.

आता खत थांबवा, साध्या पाण्याने माती एकदा धुऊन काढा, बोर्ड ३५ ते ४० सेंटिमीटरवर न्या आणि डिमर (उजेड कमी जास्त करायचं बटण) असेल तर निम्म्यावर आणा. डिमरने एक फायदा आणखी होतो, एलईडी थंड राहते आणि खाल्लेल्या विजेत थोडा जास्तच उजेड देते, म्हणून मोठा लाइट मंद चालवणं हे लहान लाइट फुल चालवण्यापेक्षा कधीही चांगलं. पांढरं पडलेलं पान परत हिरवं होणार नाही, त्याची वाट बघू नका, नवीन येणारं पान बघा.

याच विषयाचं दुसरं पत्र आहे, त्यांच्या लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतायत. ते टिपबर्न. वाढ इतक्या वेगाने होते की कॅल्शियम कोवळ्या पानाच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, पाणी चढायला पानातून बाष्प उडायला हवं, त्यासाठी हवा हलायला हवी. छोटा पंखा लावा, मंद, पानं जेमतेम हलतील एवढा, आणि उजेड थोडा कमी करा. कॅल्शियमची बाटली विकत आणायची घाई नको.

प्रश्न : २४ तास लाइट चालू ठेवला तर वाढ दीडपट होईल ना? – घाईत

उत्तर : नाही. टोमॅटोला तर २४ तास दिलात तर पानांवर पिवळे डाग पडून रोप खराबच होतं. लेट्यूस सहन करतं, पण तुम्हाला त्यातून मिळणार काय? हिशोब डीएलआयचा आहे, १६ तासांत १४ मोल दिलेत की झालं. हां, लाइट थोडा कमजोर असेल तर १६ ऐवजी १८ तास चालवून भरपाई करता येते, तेवढं ठीक. रात्र मात्र राहू द्या, आणि हाताने चालू बंद करायच्या भानगडीत पडू नका, टायमर लावा, आपण दोन दिवस गावाला गेलो की रोपाचं घड्याळ कोलमडतं.

तासांवरून आणखी एक. काही झाडं दिवसाची लांबी मोजून फुलायचं ठरवतात. पालक आणि कोथिंबीर मोठा दिवस बघितला की पानं सोडून तुऱ्याला लागतात, त्यांना १२ तासांच्या आसपास ठेवा आणि उजेड थोडा वाढवा म्हणजे एकूण भरून निघेल. शेवंती, पॉइन्सेटिया उलट्या, त्यांना लांब, सलग काळोखी रात्र हवी, मध्येच कुणी थोडा वेळ दिवा लावला तरी फुलं रुसतात. एकाच कप्प्यात शेवंती आणि लेट्यूस ठेवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय, त्यांनी दोघींना वेगळं करावं.

प्रश्न : बंद कपाटात लाइट लावलाय, दार लावलं की आत भट्टी होते. एलईडी गरम होत नाही म्हणतात ना? – कपाटातली बाग

उत्तर : एलईडी जुन्या दिव्यांसारखी समोर उष्णता फेकत नाही एवढंच खरं, म्हणून तुम्ही ती पानाच्या जवळ आणू शकता. पण १०० वॅट वीज आत गेली की १०० वॅट उष्णता आत होणारच, उजेडसुद्धा पानावर, भिंतीवर पडून शेवटी उष्णताच होतो, झाड साठवून ठेवतं ते अगदी किरकोळ. बंद कपाटात १०० वॅटचा लाइट म्हणजे १०० वॅटचा हीटर समजा. खाली हवा आत यायला भोक, वर बाहेर जायला भोक आणि तिथे पंखा. ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाबरोबर येणारा तो डबा, वायर पुरत असेल तर कपाटाबाहेर ठेवा, निम्मी कटकट कमी होईल. एलईडीचं आयुष्यही उष्णतेवरच ठरतं. ५०,००० तासांत उजेड ९० टक्क्यांवर येईल असा दावा असेल तर रोज १६ तासांनी ते साडेआठ वर्षं होतात, पण तो दावा ठरावीक तापमानाचा असतो, तुमच्या भट्टीचा नव्हे.

आणि तिथेच तुम्ही स्प्रे मारता असं लिहिलंय! आयपी ६५ लिहिलेला बोर्ड आहे का बघा, त्यातला ६ धुळीचा आणि ५ पाण्याच्या फवाऱ्याचा. नसेल तर लाइट बंद करून स्प्रे मारा आणि पानं निथळू द्या. वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलावरून खाली टपकेल, सॉकेटमध्ये घुसणार नाही. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं तर मला कळवूसुद्धा नका.

प्रश्न : लाइट माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी आहे, डोळ्यांना काही होईल का? – बारावीतला

उत्तर : अरे, त्याच्याकडे टक लावून बघू नकोस एवढंच, या लाइटमध्ये निळा बराच असतो आणि एका ठिकाणी एकवटलेला असतो. तुझ्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा कर. आणि टायमर असा लाव की तुझ्या झोपायच्या आधी एक दोन तास तो बंद होईल, रोपाला रात्र कधी झाली याचं काही पडलेलं नसतं, पहाटे पाचला चालू केलास तरी चालेल, झोप तुझी मोडते. यूव्हीची, म्हणजे अतिनील उजेडाची, वेगळी स्विच असेल तर तू शेजारी असताना ती बंदच ठेव.

प्रश्न : मिरचीची चार रोपं आहेत, २ बाय २ मध्ये, लाइट खरा १०० वॅटचा, तुमच्याच पद्धतीने हिशोब केला तर पानावर ५०० च्या आसपास पीपीएफडी बसतो, १४ तास चालवतो. झाडं दणदणीत, फुलं भरपूर, पण फूल वाळतं आणि गळून पडतं, मिरची एकही नाही. आता २०० वॅटचा घेऊ का? – मिरची लागेना

उत्तर : घेऊ नका, तुमचा लाइट बरोबर आहे. ५०० ने १४ तास म्हणजे २५ मोल, फळं धरायला एवढा बास होतो. तुमच्या कप्प्यात वारा नाही आणि माशीही नाही, हे खरं दुखणं दिसतंय. मिरचीच्या फुलात नर मादी दोन्ही असतात, पण पराग झडायला फूल हलावं लागतं, बाहेर ते काम वारा आणि माश्या करतात. फूल पूर्ण उमललं की दिवसाउजेडी, म्हणजे तुमचा लाइट चालू असताना, देठाला हलक्या टिचक्या मारा किंवा बॅटरीवर चालणारा टूथब्रश फुलामागच्या दांड्याला दोन तीन सेकंद टेकवा, जमलं तर पिवळसर धूळ उडताना दिसते, रोज हेच. त्याबरोबर लाइटखाली, फुलांच्या उंचीला थर्मामीटर टांगून बघा, पारा ३२ च्या वर जात असेल तर टूथब्रशही काही करणार नाही, आधी पंखा लावा आणि बोर्ड हातभर वर घ्या. पंधरा दिवस करून बघा आणि हिरवं टाचणीच्या डोक्याएवढं काही दिसलं की पत्र टाका.